ह्यात आपलं कोण?

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल कुणाला शिकवावा लागत नाही. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा... तालमींचीच नावं संघांना. जी पेठ आपली, तो संघ आपला. शाहू स्टेडियमवर निम्मं लक्ष चेंडूकडे, निम्मं समोरच्या पेठेच्या घोषणांकडे!

१९८६ च्या वर्ल्डकपची फायनल मेक्सिकोत २९ जूनला भर दुपारी, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराला होती. टीव्हीसमोर बसत आत्या म्हणाली, "ह्यात आपलं कोण रं?" कुणीच नव्हतं. पश्चिम जर्मनीने २-२ अशी बरोबरी केली, आणि मॅराडोनाच्या पासवर बुरुचागाने गोल मारला. अर्जेंटिना ३-२. सगळे बुरुचागासाठी ओरडले. आत्या मात्र म्हणाली, "पण दिला कुणी?" त्या रात्री तिला पेठ सोडून नुसता खेळ दिसला असावा.

२०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्यांचा वर्ल्डकप भारतात झाला, तेव्हा तिच्या जुन्या प्रश्नाला उत्तर मिळालं. संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता! पण आपण अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४ हरलो. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने कॉर्नरवर हेडर मारला. वर्ल्डकपमधला भारताचा तो पहिलाच गोल. आम्ही नाचत होतो. आत्याने विचारलं, "कॉर्नर कुणी मारला?"

संजीव स्टॅलिनने, आत्या. मला ते दुसऱ्या दिवशी पेपरात शोधावं लागलं. इतकी वर्षं स्टेडियमवर जाऊन मी नक्की काय बघत होतो, कुणास ठाऊक!