पिंजऱ्याजवळची माणसे

हैदराबादचा सुलतान बाजार १९३३ सालापर्यंत ब्रिटिश रेसिडेन्सीच्या अमलाखाली होता. तेथील रेसिडेन्सी सर्जन डॉ. एडवर्ड लॉरी यांनी १८८८ व १८८९ साली दोन चौकशी मंडळे बसविली. क्लोरोफॉर्मच्या गुंगीत रोगी दगावतो तो हृदय बंद पडून की श्वास बंद पडून, हा त्या काळी वैद्यांत मोठा वाद होता. दुसऱ्या मंडळाचा खर्च निजाम सरकारने उचलला, लंडनहून लॉडर ब्रंटन यांच्यासारखे नामांकित वैद्य आले आणि शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. त्यांत कुत्री होती, तशीच माकडेही होती. मंडळाचा अहवाल जगभर वाचला गेला; त्यातील निष्कर्ष मात्र पुढे टिकला नाही.

ही कुत्री कोणी तरी पकडून आणलीच असतील, कोणी तरी ती बांधली असतील, माकडांचे पिंजरे झाडले असतील. त्या माणसांची आठवण कोणी ठेवली नाही. त्यांच्यापैकी एखाद्यास पिसाळलेले कुत्रे चावले असते, तर त्याला उपाय नव्हता. पाश्चर यांनी १८८५ साली पॅरिसमध्ये आपली लस यशस्वी करून दाखविली होती. पण ती देणारी हिंदुस्थानातील पहिली संस्था कसौलीस निघाली ती १९०० साली, आणि दक्षिणेत कुन्नूरला १९०७ साली.

या दोन घटनांच्या मधल्या काळात मुंबईत प्लेग आला. १८९६ च्या ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन तेथे पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या ओवरीवजा जागेत त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. बकऱ्याच्या मांसाचा रस करून त्यावर ते तुपाचे थेंब सोडीत. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारून त्यांची लस होई. हाताखालची माणसे थोडी आणि काम अहोरात्र. एका साहाय्यकाचे मन त्या ताणाने खचले, दोघे नोकरी सोडून गेले. जिवंत प्लेगच्या बाटल्या रोज हाताळाव्या लागत असता असे घडले, यात नवल नाही. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांची पाळी त्यानंतर आली. म्हणजे प्लेगची लस घेतलेला पहिला मनुष्य प्रयोगशाळेत काम करणाराच होता. परंतु तो प्रयोगशाळेचा मुख्य होता, शिपाई नव्हे.

हा भेद किती मोठा आहे, ते पुढल्याच वर्षी व्हिएन्नात दिसून आले. मुंबईच्या साथीचा अभ्यास करण्यासाठी तिकडील वैद्यांचे एक मंडळ १८९७ साली येथे आले होते. परतताना त्यांनी प्लेगचे जंतू बरोबर नेले आणि व्हिएन्नाच्या इस्पितळात उंदीर, गिनीपिग इत्यादी प्राण्यांवर प्रयोग सुरू केले. त्या प्राण्यांची निगा राखणारा नोकर फ्रान्झ बारिश १८९८ च्या ऑक्टोबरात आजारी पडला व १८ तारखेस वारला. मुंबईहून आलेल्या मंडळातील डॉ. हेर्मान म्युलर यांनी त्याची शुश्रूषा केली. त्यांनाही प्लेग झाला. त्यांनी स्वतःला कोंडून घेतले आणि २३ तारखेस तेही गेले. काही दिवसांनी बारिशची परिचारिका आल्बिना पेखा हिचाही अंत झाला. बारिश निष्काळजी होता, दारू पीत असे, अशी चर्चा त्यानंतर पुष्कळ झाली. असेलही तसे. पण प्लेग प्रयोगशाळेत आणला होता तो त्याने नव्हे. त्या सुमारास मुंबई इलाख्यात हजारो लोकांना हाफकिन यांची लस टोचून झाली होती.

प्रयोगशाळेतील सर्वांनाच आधी लस का टोचली जात नसे, याला निव्वळ अनास्था हे एकच कारण नव्हते. त्या लसीच त्रासदायक होत्या. श्वानदंशावरील लस घ्या. डेव्हिड सेम्पल यांनी कसौलीस १९११ साली जी पद्धत बसविली, तीत मेंढीच्या मेंदूपासून लस तयार होई. पोटात घ्यावयाची ती चौदा इंजेक्शने जुन्या पिढीस चांगली आठवतात. त्या मेंदूच्या अंशामुळे क्वचित टोचून घेणाऱ्याच्याच मज्जातंतूंवर आघात होऊन पक्षाघात येई. चावा बसलेल्या माणसाने हा धोका पत्करणे समजण्यासारखे होते. निरोगी मनुष्याला तो कसा पत्करावयास लावणार? मेंढ्यांना रोग लावून लस तयार करणारे लोक म्हणूनच त्या लसीच्या आश्रयाविना राहिले. भारतात ती लस २००४ च्या अखेरीस बंद झाली. पेशींवर वाढविलेल्या नव्या लसीने हा प्रश्न सुटला. आता प्राणिगृहातील सेवकाला चावा बसण्यापूर्वीच महिन्याच्या आत तीन इंजेक्शने देता येतात, आणि जो रेबीजचे विषाणू प्रत्यक्ष हाताळतो, त्याच्या रक्ताची दर सहा महिन्यांनी तपासणी व्हावी असा दंडक आहे. विशेष हे की, ही नवी लस करणारी एक संस्था, इंडियन इम्युनॉलॉजिकल्स, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८२ साली हैदराबादेतच काढली.

तथापि सर्व रोगांचे असे झालेले नाही. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. त्याचा विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात ओळखला गेला. गोचिडांमार्फत पसरणारा हा माकडताप जंगलात जाणाऱ्यांपुरताच राहिला नाही. पुण्याच्या प्रयोगशाळेतील अनेक कर्मचाऱ्यांनाही तो झाला. १९६० नंतरच्या दशकात पुण्यातच त्यावर लस निघाली. २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्गाकडे हा ताप आला, तेव्हा सह्याद्रीच्या गावकऱ्यांनाही त्याची ओळख झाली. परंतु ती लस पुरेशी गुणकारी ठरत नाही असे आढळल्यावर २०२२ साली तिचा वापर थांबला. नव्या लसीचे काम आता भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने हैदराबादच्या त्याच संस्थेत चालू आहे. ती सिद्ध होऊन हाती येईपर्यंत हा विषाणू हाताळणाऱ्यांचे रक्षण हातमोजे, मुखपट्टी व हवाबंद खोल्या यांच्यावरच अवलंबून आहे.