भेडाघाटचे विरहगीत

जबलपूरजवळ नर्मदा धुवांधारच्या कड्यावरून कोसळते आणि पुढे संगमरवरी खडकांच्या चिंचोळ्या घळीत शिरते. हा भेडाघाट. रेवामाईची परिक्रमा करणारा येथे माथा टेकतो. जबलपूरची मराठी कुटुंबे फराळाचे डबे घेऊन सहलीला येतात. हिंदी चित्रपटाच्या रसिकाला मात्र हा घाट एका प्रेमगीतामुळे ठाऊक आहे. 1960 सालच्या ‘जिस देश में गंगा बहती है’ या चित्रपटातील ‘ओ बसंती पवन पागल’ हे ते गीत.

योगायोग मोठा विलक्षण. शीर्षकात गंगा, कथेत चंबळच्या खोऱ्याची आठवण देणारे दरोडेखोर, आणि पडद्यावर नर्मदा! चंबळेच्या घळी मातीच्या, कोरड्या आणि येथून शेकडो मैल दूर. भूगोलाच्या शिक्षकाने यावर खुशाल लाल रेघ ओढावी. पण दिग्दर्शक राधू कर्मकार हे मूळचे छायालेखक. ‘आवारा’ त्यांनीच टिपला होता. कृष्णधवल पटावर पांढरा दगड आणि पाण्याचे तुषार काय किमया करतात, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? राज कपूर यांनाही हा मुलूख परका नव्हता. 1946 साली त्यांचा विवाह झाला तो रीव्याच्या कृष्णा मल्होत्रा यांच्याशी. त्यांचे बंधू, नट प्रेमनाथ, यांच्या मालकीचे एम्पायर चित्रपटगृह जबलपुरातच होते.

गीताचा प्रसंग नीट ध्यानी घ्यावा. भोळा राजू दरोडेखोरांचे क्रौर्य पाहून त्यांना सोडून निघाला आहे. त्याला थांबवणारी कम्मो ही टोळीच्या सरदाराची मुलगी. तो गेला तर प्रियकर अंतरणार आणि थांबला तर त्याला रक्तपाताचा साक्षीदार होऊन जगावे लागणार. म्हणून शैलेंद्रांच्या साध्या शब्दांतली ही आळवणी नुसता लडिवाळ हट्ट राहत नाही. शंकर-जयकिशन यांनी चाल बांधली ती बसंतमुखारीच्या छायेत. नावात वसंत असला तरी या रागात भैरवाचे गांभीर्य आणि भैरवीची कातरता एकत्र नांदतात. लता मंगेशकरांचा स्वर त्या कोमल ऋषभावर येतो, तेव्हा पद्मिनीच्या मागे कोसळणारे पाणी हे केवळ देखावा म्हणून उरत नाही.

त्याच 1960 च्या मे महिन्यात विनोबा भिंड-मुरैनाच्या वाटेने पायी चालले होते. वीस बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. चित्रपटाचा शेवटही शरणागतीचाच आहे. पण तिथवर पोहोचण्याआधी राजूला कम्मोची हाक मागे टाकून जावे लागते.

भेडाघाटचे नावाडी आजही प्रवाशांना खडकांची नावे यमके जुळवून सांगतात. त्या वर्णनात चित्रपटांचा उल्लेख आला, की नावेतले एखादे वृद्ध जोडपे हळूच ती चाल गुणगुणू लागते.