आधी चांदी, मग अस्थी

प्रागच्या मुख्य स्थानकातून सुटलेली गाडी तासाभरात कुत्ना होराला पोचते. तुम्ही फलाटावर उतरता तेव्हा सोबतचे बहुतेक प्रवासी एकाच दिशेने चालू लागलेले असतात. स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, सेडलेत्स या उपनगरात, सर्वसंतांचं एक छोटं चर्च आहे. त्याच्या खालच्या मजल्यावर 40 ते 70 हजार माणसांच्या अस्थी असाव्यात असा अंदाज आहे. दिवसाभराच्या सहली बहुधा तिथूनच सुरू होतात. ज्यांना घाई असते त्यांच्या तिथेच संपतात.

आजची सहल मात्र मी आखली आहे, तेव्हा ते चर्च आपण शेवटी बघू. ही माणसं कोण होती, कशावर जगली, कशाला भ्यायली हे कळायच्या आधी त्यांच्या कवट्यांसमोर जाऊन उभं राहणं मला पटत नाही. जुन्या गावात जाणारी बस पकडा. हातातलं घड्याळ पिशवीत टाका, पुढे त्याचा उपयोग नाही.

ह्रादेक नावाच्या जुन्या वाड्यात आता चांदीचं संग्रहालय आहे. तिथे तुम्हाला एक पांढरा डगला देतात, शिरस्त्राण देतात, दिवा देतात आणि टेकडीच्या पोटात नेतात. पायऱ्या उतरता उतरता हातातला विजेचा दिवा पिवळा पडत जातो, धुरकट होतो, त्याला चरबीचा वास येऊ लागतो. पंधरावं शतक संपत आलं आहे. डगला तोच आहे, पांढराच, कारण अंधारात कोणी पडला तर पांढरं कापड आधी दिसतं. कमरेला मागच्या बाजूने चामड्याचा पट्टा बांधलेला आहे. तिरक्या खडकावर बसून घसरत खाली जायचं तर त्याशिवाय गत्यंतर नाही.

पुढे चाललेला खाणकामगार मागे वळून बघत नाही. भिंती दोन्ही खांद्यांना घासतात. मग वाट इतकी अरुंद होते की तुम्हाला आडवं होऊन सरकावं लागतं. तो खडकाला टेकून बसतो आणि छिन्नीवर हातोडा मारू लागतो. तुम्ही बराच वेळ बघता. खडक जागचा हललेला दिसत नाही. या गावच्या ओसेल नावाच्या खाणीने पुढे 500 मीटरच्या आसपास खोली गाठली, तीही अशाच हातांनी. तिथवर शिड्या उतरायच्या, पाळीभर ठोकायचं आणि पाळी संपली की तेवढ्याच शिड्या चढायच्या. वर घोडे गोल फिरत असतात. त्यांनी ओढलेल्या रहाटाने खनिज वर येतं. पाणी उपसायचं काम मात्र कधीच संपत नाही. खाण जितकी खोल जाते तितकं ते वाढत राहतं.

जवळच्या काळ्या विवराकडे बोट करून तो एक गोष्ट सांगतो. त्याच्या पणज्याच्या वेळची आहे. यान हुस या धर्मसुधारकाला 1415 मध्ये कॉन्स्टान्स इथे जिवंत जाळलं आणि त्याचे अनुयायी पेटून उठले. कुत्ना होरातले श्रीमंत जर्मन खाणमालक कट्टर कॅथलिक होते. त्यांनी पकडलेल्या हुसपंथीयांना या विवरांत ढकलून दिलं, काहींना जिवंतपणीच. हे सांगताना तो आवाज खाली आणत नाही. चांदीसाठी खोदलेल्या खड्ड्यांचा हाही उपयोग झाला, एवढंच त्याला ठाऊक आहे.

वर आलात की डोळे मिचकावून उजेडाची सवय करून घ्या. आता आपण जवळजवळ 200 वर्षं मागे, सन 1300 मध्ये आहोत. राजा दुसरा वात्स्लाव याने फ्लॉरेन्सहून जाणकार बोलावले आहेत आणि टाकसाळ याच गावात आणली आहे. तिच्या जागेला व्लाश्स्की द्वूर, म्हणजे इटालियन वाडा, म्हणतात. अंगणाच्या कडेने ओळीने भट्ट्या आणि कारखाने आहेत. ऐरणीत पक्का बसवलेला खालचा ठसा, त्यावर चांदीची चकती, तिच्यावर हातातला वरचा ठसा आणि त्यावर घाव. तुमच्या तळहातावर पडते ती नाण्याची चकती अजून उबदार आहे. एका बाजूला मुकुट आहे, दुसऱ्या बाजूला दोन शेपट्यांचा सिंह. हा प्रागचा ग्रोशेन. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. 1547 पर्यंत तो पडत राहिला आणि मध्य युरोपात दूरवर चालला. 1300 मध्येच राजाने खाणींसाठी कायद्याची संहिताही काढली. खाण कोणाची, वाटा कोणाचा, काम कसं चालावं हे तिने ठरवलं. कान बधिर होईपर्यंत आवाज ऐकून झाला असेल तर निघू.

उंच कड्याच्या काठाने, जेझुइटांच्या मोठ्या इमारतीला लागून, एक रस्ता जातो. त्याच्या कडेला संतांचे दगडी पुतळे ओळीने उभे आहेत. रस्त्याच्या टोकाशी तीन तंबू एकाला एक लावून उभारावेत तसं छप्पर दिसतं. ते संत बार्बराचं चर्च. बार्बरा ही अवचित येणाऱ्या मरणापासून राखणारी संत, म्हणून ती खाणकामगारांची. हे चर्च सेडलेत्समधल्या साधूंच्या मठाने बांधलेलं नाही, राजानेही नाही. खाणींवर पैसा केलेल्या नागरिकांनी स्वतःच्या खर्चाने 1388 मध्ये त्याचा पाया घातला. मठाच्या वर्चस्वातून आपण सुटलो हे दगडात दिसावं अशी त्यांची इच्छा होती.

इथे वर्षं तुमच्या अंगावरून भरभर जातात. योहान पार्लर हा पहिला स्थपती. प्रागचं मोठं कॅथेड्रल उभारणाऱ्या पेटर पार्लरचा हा मुलगा. मग हुसपंथी युद्धं येतात आणि 60 वर्षांहून अधिक काळ इथे टाकीचा आवाज होत नाही. अर्धवट भिंतींवर गवत उगवतं. 1485 मध्ये याच गावात कॅथलिक आणि हुसच्या परंपरेतले लोक एकत्र बसून धर्मशांतीचा करार करतात. विवरांत माणसं ढकलली गेली त्याला तेव्हा उणीपुरी 65 वर्षं झालेली आहेत. त्या काळच्या युरोपात असा करार विरळा होता, आणि माझ्या मते कुत्ना होराचं सगळ्यांत मोलाचं उत्पादन चांदी नसून हा करार आहे. मग मातेय रेय्सेक येतो, त्याच्यामागून बेनेडिक्ट रेय्ट. रेय्टने रचलेल्या कमानींकडे मान वर करून बघा. दगडाच्या शिरा वेलीसारख्या वळत, एकमेकींना छेदत, फुलांच्या पाकळ्या काढत जातात. सोळाव्या शतकाच्या मध्यावर चांदी आटते, पैसा संपतो, अर्ध्या इमारतीला भिंत घालून काम थांबवतात. ते पूर्ण होतं 1905 मध्ये. पायापासून 500 वर्षांहून अधिक काळानंतर.

इथे बाजूच्या एका चॅपलच्या भिंतीवर टाकसाळीत काम करणारे लोक रंगवलेले आहेत. मध्ययुगात भिंतींवर रंगायचे ते राजे, संत, दाते. इथे घाव घालणारा माणूस रंगवला आहे. चर्चमध्ये पांढऱ्या डगल्यातल्या खाणकामगाराचा पुतळाही आहे, हातात दिवा घेतलेला. त्याच्यासमोर थोडं थांबा. चेहरा नीट बघून ठेवा, आता आपण सेडलेत्सला परतणार आहोत.

सिस्टर्शियन साधूंचा मठ तिथे 1142 पासून होता. बोहेमियातला त्या पंथाचा तो पहिला मठ. त्याचं भव्य कॅथेड्रल तुम्ही 1421 मध्ये बघता तेव्हा त्याच्या छतातून ज्वाळा निघत आहेत. हुसपंथीयांनी मठ पेटवला आहे. विवरांची ही परतफेड म्हणावी का, हे मला ठरवता येत नाही. जळणाऱ्या मठातल्या साधूंनी कोणाला ढकललं नव्हतं. पुढची पावणेतीनशे वर्षं ते कॅथेड्रल छताविना उभं राहतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला यान सांतिनी आइखेल हा वास्तुकार जुन्या गॉथिक भिंतींवर स्वतःच्या काळाची हलकी, उजळ कमानदार छतं चढवतो. आज आत शिरलात की पांढऱ्या प्रकाशात उभे राहता. मठ मात्र 1783 मध्ये बरखास्त झाला आणि त्याच्या इमारतींत पुढे तंबाखूचा कारखाना आला.

आता रस्ता ओलांडा.

सन 1278. मठाधिपती यिंद्रिख जेरुसलेमहून परतला आहे. राजा ओटाकार दुसरा याने त्याला तिकडे पाठवलं होतं. येताना त्याने गोल्गोथाची, म्हणजे येशूला जिथे क्रुसावर चढवलं त्या टेकडीची, थोडी माती आणली आणि ती मठाच्या दफनभूमीत पसरली. तुम्ही त्या मातीवर उभे आहात. ती दिसायला इतर मातीसारखीच आहे, पण बातमी पसरते आणि दूरदूरच्या लोकांना इथेच पुरलं जावंसं वाटू लागतं. काशीहून गंगेचा गडू आणून तो मरणाऱ्याच्या ओठाला लावण्यासाठी वर्षानुवर्षं देवघरात जपणाऱ्या आपल्या लोकांना ही ओढ समजावून सांगावी लागणार नाही.

पुढच्या 150 वर्षांत ही भूमी भरते. 1318 च्या दुष्काळात माणसं आणली जातात, मग चौदाव्या शतकाच्या मध्याला प्लेगात, मग हुसपंथी युद्धांत. दुष्काळात मेलेले सोबत काही आणत नाहीत. त्यांना एकाच मोठ्या खड्ड्यात शेजारी शेजारी ठेवतात. अलीकडच्या उत्खननात चर्चभोवती अशा सामूहिक कबरी सापडल्या आहेत. तुम्ही पाठ फिरवू नका. सकाळी ज्याच्यामागे आडवे होऊन सरकलात त्या खाणकामगाराचा आजा-पणजा यात असू शकतो.

1400 च्या सुमारास दफनभूमीच्या मधोमध दोन मजल्यांचं चर्च उभं राहिलं. वर प्रार्थनेची जागा, खाली अस्थी ठेवायची. बांधकामासाठी आणि नव्या कबरींसाठी जुन्या उकरल्या गेल्या आणि हाडांचे ढीग साचत गेले. परंपरा सांगते की 1511 मध्ये ते रचायचं काम एका अर्धवट दृष्टी गेलेल्या साधूवर सोपवलं.

आजच्या दिवसातला माझा सगळ्यांत आवडता वाटाड्या हा आहे. तो तुमचा हात धरून पायऱ्या उतरवतो. खाली गारवा आहे, ओल आहे. तो बोटांनी शोधतो. हे मांडीचं हाड, हे दंडाचं, ही कवटी, ही लहान, लेकराची. लांब हाडं आडवी लावतो, कवट्या बाहेरच्या कडेला, तोंड समोर करून. चुना नाही, खिळा नाही, एकाचा भार दुसऱ्यावर. डोळे साथ देत नसताना माणसाने केवळ हाताच्या ओळखीने हे रचलं असेल तर त्याला प्रत्येक हाड हातात घ्यावंच लागलं असणार. ज्यांना पुरताना कोणी एकेकटं हाताळलं नव्हतं, त्यांना 100-200 वर्षांनी कोणीतरी एकेक करून उचललं. ढिगांवर टांगलेले सोनेरी मुलाम्याचे लाकडी मुकुट नंतरच्या काळातले. त्यांतली भावना मात्र त्या साधूचीच आहे: शेवटच्या दिवशी हे सगळे उठतील आणि देवापुढे उभे राहतील.

वर्षं पुन्हा सरकतात. सांतिनी येतो, कलत चाललेल्या भिंतीला आधार म्हणून नवं प्रवेशद्वार बांधतो. आणि 1870 मध्ये श्वार्झेनबर्ग या जमीनदार घराण्याने नेमलेला लाकूडकाम करणारा फ्रान्टिशेक रिंट इथे येतो. तो हाडं रसायनाने पांढरीशुभ्र करतो आणि कामाला लागतो. मध्यभागी लटकणारं झुंबर त्याचंच. त्यात मानवी शरीरातलं प्रत्येक हाड किमान एकदा वापरलं आहे असं सांगतात. कमानींवरून कवट्यांच्या माळा सोडल्या आहेत. एका भिंतीवर मालक घराण्याचं बोधचिन्ह हाडांत रचलं आहे. त्यात एक कावळा तुर्काच्या तोडलेल्या डोक्याचा डोळा टोचतो आहे.

रिंटचा हात कसबी होता, यात वाद नाही. पण त्या बोधचिन्हासमोर मला उभं राहवत नाही. जेरुसलेमच्या मातीत निजायला आलेल्या, दुष्काळात मेलेल्या माणसाचं मनगट इथे एका सरदाराच्या विजयाची खूण झालं आहे. साधूने हाडं देवापुढे रांगेत लावली, रिंटने ती मालकाच्या भिंतीवर लावली. प्रवेशाजवळ रिंटने स्वतःचं नाव, गाव आणि साल हाडांनी लिहिलं आहे. या तळघरात ज्यांच्या अस्थी आहेत त्यांच्यापैकी एकाचंही नाव कुठे नाही.

आता 21 वं शतक. आजूबाजूला तुमच्याबरोबरचे प्रवासी आहेत, आवाज हलके आहेत, फोन खिशात आहेत. लोक कवट्यांना टोप्या आणि चष्मे घालून फोटो काढू लागले, तेव्हा चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या धर्मसभेने 2020 पासून परवानगीविना छायाचित्रं काढायला बंदी घातली. चांगलं केलं. काचेच्या कपाटात काही कवट्या वेगळ्या ठेवल्या आहेत, त्यांच्यावर शस्त्राचे घाव दिसतात. त्यांच्यासमोर वाकून बघा. झुंबराखाली लोक जितका वेळ थांबतात तितका वेळ इथे थांबलात तर जास्त दिसेल.

आणि कोपऱ्यांकडे बघा. 2014 पासून या चर्चचं जतनकाम चाललं आहे. भिंती आणि पाया ओलीने खचले होते, खाली टेकलेली हाडंही खराब होत होती. म्हणून साधूच्या नावे सांगितला जाणारा एकेक ढीग उतरवून त्यातलं प्रत्येक हाड हाताने साफ करायचं, वाळवायचं आणि पुन्हा पहिल्यासारखं रचायचं असं ठरलं. हजारो हाडांचं हे काम वर्षानुवर्षांचं आहे. तुम्ही जाल तेव्हा एखादा कोपरा रिकामा असेल किंवा मचाणाआड असेल. गाईडला त्याबद्दल तक्रारीने विचारू नका. त्यातल्या माणसांना कुठे नेलंय आणि कोण साफ करतंय, हे विचारा.