ऐकीव वाट आणि नकाशा

१९६९ साली अमेरिकेत अर्पानेट हे संगणकांचे जाळे सुरू झाले. कोठे पोचायला किती वेळ लागेल, याचा अंदाज प्रत्येक केंद्र शेजाऱ्यांना कळवी. त्या ऐकीव माहितीवरून संदेशाची वाट ठरे. पण एखादी तार तुटली, की दोन शेजारी एकमेकांच्या शिळ्या माहितीवर विसंबून संदेश आपसातच फिरवत राहत.

१९७९ मध्ये रीत बदलली. प्रत्येक केंद्र फक्त स्वतःच्या जोडण्यांची खबर साऱ्या जाळ्याला देऊ लागले. त्यावरून जो तो पूर्ण नकाशा मांडी आणि डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृतीने जवळची वाट काढी. तरीही २७ ऑक्टोबर १९८० रोजी एका केंद्राच्या खबरींचे क्रमांक बिघडले. नवी खबर कोणती हेच ठरेना, आणि जाळे काही तास ठप्प झाले.

वाट ठरवणाऱ्या यंत्रावर, म्हणजे राउटरवर, 'रिप' निवडले तर पहिली रीत मिळते. फेरे थांबावेत म्हणून तिच्यात १६ टप्पे म्हणजे 'वाट नाही' असे मानतात. 'ओएसपीएफ' ही नकाशाची रीत. तिच्यात प्रत्येक खबरीची बेरीज तपासतात, आणि तासाभरात नवी आली नाही तर जुनी बाद होते. सेटिंगमधले हे रुक्ष आकडे अशा अडचणींतूनच आले आहेत.