मत्स्यविनोदाचे वाटेकरी

पावसाळ्याचा गढूळपणा ओसरून तापी निवळली, की बऱ्हाणपूरच्या घाटांवर गळ टाकून बसलेली माणसे दिसू लागतात. त्यांत पोटासाठी बसलेला भोई असतो, आणि ज्याची चूल मासळीवाचून अडत नाही असा एखादा दुकानदार किंवा यंत्रमागावरचा कामगारही असतो. काठी सारखी, दोरी सारखी, पाण्यावर लागलेली नजरही सारखी. फरक एवढाच, की मासा लागला नाही तर एकाचा दिवस बुडतो आणि दुसऱ्याचा दिवस तरीही चांगला गेलेला असतो. या दुसऱ्या माणसाच्या आनंदाचा इतिहास आम्हांला येथे थोडक्यात पाहावयाचा आहे. तो पाहताना हा आनंद कोणाकोणाच्या जिवावर उभा राहिला, हा प्रश्न टाळता येत नाही.

या छंदाचे सर्वांत नाजूक रूप युरोपात ट्राउट नावाच्या माशाभोवती वाढले. थंड, वाहत्या पाण्यातला हा मासा पृष्ठभागावर उतरणारे कीटक टिपतो. म्हणून गळाला खरे आमिष न लावता रेशीम, लोकर आणि पिसे गुंडाळून त्याची कृत्रिम माशी बांधावयाची, आणि ती पाण्यावर अशी अलगद टाकावयाची की माशाला ती खरी वाटावी. मासा आणि माशी हे आपल्या भाषेतले दोन जवळचे शब्द येथे एकाच दोरीच्या दोन टोकांना येतात. इसवी सनाच्या 200च्या सुमारास इलियन या रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनियातील मासेमारांची अशी माशी वर्णिली आहे : गळाभोवती तांबडी लोकर आणि तिला कोंबड्याची दोन पिसे. इंग्लंडात 1496 साली गळाने मासे धरण्यावरील एक प्रबंध छापला गेला. त्यात बारा माश्यांची कृती आहे. 1653 साली आयझॅक वॉल्टनचे प्रसिद्ध पुस्तक आले, आणि 1676 साली त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याने त्याला माशीच्या शिकारीचा भाग जोडला. दोन मित्रांचे ग्रंथ असे एकत्र बांधले जावेत, हे या छंदाच्या स्वभावाला धरूनच झाले. हिवाळ्याच्या रात्री एकत्र बसून माश्या बांधणे आणि कोणती माशी कोणत्या पाण्यात चालते यावर वाद घालणे, यांत प्रत्यक्ष मासेमारीइतकेच सुख आहे असे हे लोक मानतात.

ट्राउट आपल्याकडे साहेबाबरोबर आला. काश्मिरात तो 1900 साली रुजला आणि त्यानंतरच्या दशकात निलगिरीत. मे महिन्यात तापणाऱ्या तापीत तो जगणे शक्य नाही. त्यामुळे हा सारा छंदच परका, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ती समजूत खरी नाही.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ 1130च्या आसपासचा. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठी आणि कानडी मुलखांच्या शिवेवरचे. कांडण करताना महाराष्ट्रातील स्त्रिया ओवी गातात, हा उल्लेख याच ग्रंथातला म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. गो. कृ. श्रीगोंदेकर यांनी संपादिलेली त्याची आवृत्ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून 1925पासून प्रसिद्ध होऊ लागली. या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे मन रमविण्याच्या प्रकारांमध्ये, ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांच्या तीसहून अधिक जाती त्यात सांगितल्या आहेत. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे आणि लहान असे त्यांचे वर्ग पाडले आहेत. कोणत्या माशाला काय खाऊ घालून पोसावे, दोर, काठी आणि गळ कसे असावेत, कोणाला कोणते आमिष लावावे, हेही त्यात आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली या प्रकरणावर लेख लिहून जगाचे लक्ष तिकडे वेधले. इंग्लंडातल्या त्या छापील प्रबंधापेक्षा हे प्रकरण साडेतीनशे वर्षांनी जुने आहे.

मात्र येथे अभिमानाने थांबून चालणार नाही. राजाला ही माहिती कोणी पुरविली? कोणता मासा कोणत्या डोहात बसतो आणि कशाला भुलतो, हे सिंहासनावरून दिसत नाही. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पाण्याकाठी रात्री काढाव्या लागतात. ही विद्या मुळात धीवरांची असली पाहिजे, असा आमचा तर्क आहे. पोटाच्या विद्येतून राजाचा विनोद निघाला, आणि ग्रंथाला नाव राहिले ते राजाचे.

सातशे वर्षांनी हीच गोष्ट दुसऱ्या रीतीने घडली. मुंबई सरकारच्या सेवेत सांख्यिकी माहिती गोळा करीत दख्खनभर हिंडलेला कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने 1839 साली दख्खनच्या माशांवर आपला निबंध मांडला. अनेक मासे शास्त्राला त्यामुळे प्रथमच कळले. साइक्सने एक चांगली गोष्ट केली : कोळ्याभोयांच्या तोंडची नावेच त्याने शास्त्रीय नावांत घेतली. पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेत मिळालेल्या माशाचे नाव त्याने ‘खुडरी’ ठेवले. ‘मुल्या’, ‘कोळस’, ‘सांडखोल’, ‘शिंगटी’ हे शब्दही असेच लॅटिनच्या पंक्तीला जाऊन बसले आणि आजही तेथे आहेत. मराठी नदीकाठची बोली जगाच्या प्राणिशास्त्रात अशी कायमची राहिली. ज्यांनी टोपलीतला एकेक मासा उचलून त्याचे नाव सांगितले असेल, त्यांची स्वतःची नावे मात्र कोठेही नाहीत.

खुडरी म्हणजे दख्खनचा महाशीर. नर्मदा-तापीच्या बाजूला त्याचा भाऊबंद आढळतो. मध्य प्रदेशात त्याला बाडस असेही म्हणतात. मोठे खवले, जाड ओठ आणि वाहत्या पाण्याशी झुंजण्याची विलक्षण ताकद ही या कुळाची ओळख. ट्राउटच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या साहेबाला महाशीराने जिंकले. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने 1873 साली भारतातील गळाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले. जोराच्या बाबतीत महाशीर सामनलाही भारी आहे, असा त्याचा निर्वाळा होता. विलायती माश्या, धातूचे चमकते पत्रे, जिवंत लहान मासे, कणकेचे गोळे अशा सर्व उपायांनी महाशीर धरण्याचे शास्त्र त्यानंतर तयार झाले. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1948 साली मॅकडोनल्ड यांचे महाशीरावरील पुस्तक प्रसिद्ध केले, यावरून या छंदाचा पसारा कळून येईल.

इकडून तिकडे गेले ते मात्र पीस. सह्याद्रीपासून सातपुड्यापर्यंतच्या रानांत राखी रानकोंबडा राहतो. त्याच्या मानेवरील पिसांच्या टोकांना मेण ओतल्यासारखा पिवळट पांढरा, चकचकीत ठिपका असतो. ट्राउट आणि सामन यांच्यासाठी माश्या बांधणाऱ्यांना या ठिपक्यात लहान माशाचा डोळा दिसला. एकोणिसाव्या शतकातील सामनच्या नामांकित माश्यांना दोन्ही बाजूंस हे पीस असे. स्कॉटलंडच्या नदीत सुटलेल्या माशीचा डोळा आपल्या रानातून गेलेला असे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कोंबडा जिवंत ठेवून ही पिसे मिळत नसत. त्याच्या मानेचे कातडेच पिसांसकट सोलून जाई. 1902 साली सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, तरी चोरटा व्यापार चालू राहिला. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा पक्षी मारण्याचीच वाट बंद केली. आता परदेशातील छांदिष्ट पाळीव पैदाशीच्या पक्ष्यांची पिसे वापरतात. सौंदर्याची ही मागणी रानावर न येता भागू शकते, हे समजावयास एवढा काळ जावा लागला.

स्वातंत्र्यानंतर या छंदाने आणखी एक धडा दिला, आणि तो आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. महाशीर घटत चालल्याचे पाहून मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी 1970च्या सुमारास लोणावळ्यास दख्खनच्या महाशीराची कृत्रिम पैदास यशस्वी केली. मादीची अंडी हलक्या हाताने पिळून घ्यावयाची, त्यांवर नराचे रेत मिसळावयाचे आणि वाहत्या स्वच्छ पाण्यात ती उबवावयाची, अशी ती रीत. टाटांच्या वीज कंपनीने तेथे उबवणी केंद्र चालविले आणि तेथील पिले अनेक राज्यांत गेली. गळाच्या हौशी मंडळींनी तीच पिले कावेरीतही सोडली. हेतू निर्मळ होता : नदी भरलेली असावी आणि आनंद पुढच्यांनाही मिळावा. परंतु कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा होता, पाठीवर उंचवटा असलेला आणि आकाराने प्रचंड. धरलेला मासा मोजून पुन्हा सोडून देणाऱ्या हौशी लोकांनी 1998 ते 2012 या काळात ठेवलेल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा पाहुणा वाढला आणि घरचा मासा जवळपास नाहीसा झाला, असे त्यांना दिसले. या मूळ माशाची शास्त्रीय ओळख 2018 साली पटली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला.

या कथेत कोणी खलनायक नाही. ज्यांच्या प्रेमाने चूक केली त्यांच्याच वह्यांनी ती उघडही केली. मासा मासा म्हणून सारखा नसतो, प्रत्येक नदीचा तिचा तिचा असतो, हे ध्यानात न घेतल्याचा तो परिणाम होता. साइक्सला नावे सांगणाऱ्या कोळ्याला हे नक्की ठाऊक असणार. एरवी एकाच टोपलीतल्या माशांना त्याने इतकी वेगवेगळी नावे कशाला दिली असती?

आता तापीकडे परतू. महाशीर पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट चढून, वाळूगोट्यांच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. त्याला मोकळी वाट हवी. आमच्या खालच्या अंगाला 1972 साली उकाईचे आणि 1982 साली हतनूरचे धरण झाले. या धरणांनी शेतांना पाणी दिले आणि माशांची वाट अडविली, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. 2011 साली महाशीर मध्य प्रदेशाचा राज्यमासा ठरला. राज्यमासा या पदवीने मासा वाढत नाही. त्यासाठी उन्हाळ्यात डोहात पाणी राहावे लागते, वाळू जागेवर असावी लागते आणि सुरुंग किंवा विष घालून डोह मारणाऱ्याला अडविणारे कोणी तरी काठावर असावे लागते.

कोकणात महाडजवळ वाळण कोंड येथे काळ नदीच्या डोहातले महाशीर गावकऱ्यांनी देवीचे मासे म्हणून राखले आहेत. तेथे गळ पडत नाही. लोक मुरमुरे टाकतात आणि मासे वर येताना पाहून समाधान पावतात. हाही एक मत्स्यविनोदच आहे. काठावर बसून माशाची वाट पाहणे हे त्याचे मूळ रूप, आणि मासा उद्याही येथे असावा ही त्याची अट. सोमेश्वराच्या प्रकरणातही आधी माशांना पोसावयाचे आहे, गळ नंतर.

आमच्या घाटावरचा तो दुकानदार आणि तो भोई आजही एकाच पायरीवर बसतात. दुकानदाराला गळ टाकता येतो. डोह कोणता आणि आमिष कोणते हे तो भोयाला विचारतो. आम्हांला वाटते, त्याने आणखी एक गोष्ट विचारावी, आणि ती लिहून ठेवावी : या पाण्यातल्या माशांची त्याच्या आजोबांना माहीत असलेली सगळी नावे. ती सांगू शकणारी माणसे आता म्हातारी होत चालली आहेत. आणि या खेपेस, सांगणाऱ्याचे नावही त्या वहीत असावे.