शेनिन ब्लाँ

पांढऱ्या वाइनसाठी वापरली जाणारी द्राक्षाची एक जात. मूळ फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यात. व्हूव्ह्रे व साव्हेनियेर येथील वाइन विशेष प्रसिद्ध. सर्वाधिक लागवड दक्षिण आफ्रिकेत असून तेथे तिला ‘स्टीन’ म्हणतात. नाशिक परिसरातही ही जात चांगली रुजली आहे. तेथील सुला या वाइन कंपनीने २००० मध्ये आपल्या पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्यांत शेनिन ब्लाँ होती.

द्राक्ष पिकले तरी त्यातील आंबटपणा टिकतो, हा तिचा मोठा गुण. त्यामुळे एकाच जातीपासून कोरडी, गोड आणि फसफसणारीही उत्तम वाइन बनते. स्वादात सफरचंद, नासपती व मध जाणवतात.

कोरड्या व गोड वाइनमधला फरक कॅलरींतही दिसतो. १५० मिलि. कोरड्या वाइनमध्ये साधारण १२० कॅलरी असतात. त्यांपैकी बहुतेक अल्कोहोलच्या: एका ग्रॅममागे ७ कॅलरी, साखरेच्या मात्र ४. म्हणून ‘कोरडी म्हणजे हलकी’ ही समजूत अपुरी आहे. लिटरला ५० ग्रॅम साखर असलेल्या गोड वाइनच्या तेवढ्याच पेल्यात साखरेच्याच ३० कॅलरी येतात. कॅलरी मोजणाऱ्याने बाटलीवरील अल्कोहोलचे प्रमाण आधी वाचावे.