खोचलेल्या फांदीचा इतिहास

मृगाची पहिली सर पडून गेली की आमच्या आळीत एक देवघेव सुरू होते. कुणी जास्वंदीची फांदी मागते, कुणी मोगऱ्याची, कुणी शेवग्याचा हातभर दांडा. मागणाऱ्याला संकोच नाही, आणि देणाऱ्याचे काही जात नाही. घरी नेऊन तो तुकडा तेलाच्या रिकाम्या डब्यात खोचला, वर चार ओंजळी पाणी घातले, की पंधरा-वीस दिवसांत डोळा फुटतो. शेतकीच्या पुस्तकांत ह्या क्रियेला छाटकलम म्हणतात. आपल्याकडे ती किती जुनी आहे म्हणाल, तर सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्यायच घातला आहे, आणि डाळिंब, द्राक्ष वगैरेंच्या फांद्या शेण लावून रोवाव्यात असे त्यात सांगून ठेवले आहे.

ह्याच साध्या क्रियेने दूर जपानात एका कलेचा जीव कसा वाचवला, ते आज आपणांस सांगावयाचे आहे. ती कला म्हणजे बोन्साय. ‘बोन’ म्हणजे उथळ कुंडी किंवा तबक आणि ‘साय’ म्हणजे लावणी. शब्दाचा अर्थ एवढाच. त्यात ‘बुटके’ नाही, ‘जुने’ नाही आणि ‘छळलेले’ तर नाहीच नाही. (आपल्याकडे बोन्साय म्हटले की झाडाचा छळ, अशी एक समजूत आहे. तिच्याकडे पुढे वळू.)

ही विद्या मूळची भारतातली, असे अधूनमधून आपल्या कानांवर येते. स्वदेशाचा अभिमान मलाही आहे. परंतु पुरावा म्हणून डोळ्यांनी पाहावे असे जे सर्वात जुने चित्र आहे, ते चीनमधले आहे. इ. स. 706 मध्ये बांधलेल्या राजपुत्र झांगहुआय ह्याच्या थडग्याच्या भिंतीवर, तबकात खडक आणि इवलीशी झाडे घेऊन चाललेली सेविका रंगविलेली आहे. जपानात 1309 च्या एका चित्रगुंडाळीत अशी कुंडीतली झाडे दिसतात. पुढे नोह नाटकांत ‘हाचि-नो-की’, म्हणजे ‘कुंडीतील झाडे’, नावाचे एक नाटक लोकप्रिय झाले. त्याची कथा आपल्या अतिथीधर्माच्या कथांना अगदी जवळची आहे. भर हिमवर्षावात एक भिक्षू दारी येतो. यजमान एके काळचा योद्धा, आता कफल्लक झालेला. घरात जळणाची काडी नाही. तेव्हा तो आपली शेवटची ठेव असलेली तीन झाडे, म्हणजे आलुबुखाराच्या जातीचा उमे, चेरी आणि पाइन, तोडून शेकोटी पेटवतो. भिक्षू निघतो तो वेष पालटलेला राज्यकारभारी होजो तोकियोरी. आणि पुढे तो ह्या योद्ध्याला तीन गावे इनाम देतो, ज्यांच्या नावांत त्याच तीन झाडांची नावे आहेत.

हे नाटक वर्गात सांगितले की एखादा चलाख विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, तोडण्याआधी त्याने एकेक फांदी मातीत का नाही खोचून ठेवली?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उत्तर असे की ही तिन्ही झाडे छाटकलमाने सहजासहजी मुळे धरीत नाहीत. पाइन तर फारच हट्टी. म्हणून पाइन बीपासून किंवा डोळा-फांदी बांधून वाढवतात. योद्ध्याचे नुकसान खरोखरीच न भरून येणारे होते, आणि म्हणूनच नाटकाला वजन आहे.

पण सगळी झाडे अशी नसतात. अझेलिया घ्या. जपानात तिचा एक प्रकार उशिरा फुलतो. त्याला ‘सात्सुकी’ म्हणतात. सात्सुकी हे जुन्या जपानी पंचांगातील पाचव्या महिन्याचे नाव, म्हणजे साधारण आपला ज्येष्ठ. तिथेही तेव्हा पावसाची झड असते. एडो शहराच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, कडेला सोमेइ नावाचे माळ्यांचे गाव होते. तिथल्या इतो इहेई नावाच्या रोपवाटिकावाल्याने 1692 मध्ये अझेलियांवर पाच भागांचे सचित्र पुस्तक छापले आणि त्यात तीनशेहून अधिक प्रकार नावानिशी नोंदवले. आता विचार करा. अझेलियाचे बी पेरले तर रोप आईसारखेच निघेल ह्याची हमी नाही. उलट एकाच झुडपावर एखादी फांदी अचानक वेगळ्या रंगाची फुले देऊ लागते. ती वेगळी फांदी कापून ज्येष्ठाच्या पावसात रोवली, तरच तो रंग टिकतो. तेव्हा तीनशे नावांची यादी ज्या गावात होऊ शकते, त्या गावात फांदी खोचणारे हात सराईत होते, असे अनुमान मी काढतो. चेरीचा जो प्रकार आज साऱ्या जपानभर वसंतात फुलतो, तो ‘सोमेइ-योशिनो’ ह्याच गावचे नाव लावतो, आणि त्याची लक्षावधी झाडे एकाच झाडाची कलमे आहेत. अर्थात ती फांदी बांधून केलेली, रोवून नव्हे.

इथपर्यंत फांदी ही फुलवाल्या माळ्याची चीज होती. बोन्सायचा खरा मान मात्र डोंगरातून खणून आणलेल्या झाडालाच असे. वाऱ्याने पिळलेले, बर्फाने मोडलेले, अर्धे खोड वाळून हाडासारखे पांढरे पडलेले आणि एका बाजूने सालीची जिवंत पट्टी वर जाऊन हिरवी असलेली, असे सरूच्या कुळातले एक ज्युनिपर आहे. जपानी लोक त्याला ‘शिंपाकु’ म्हणतात. मेइजी काळाच्या उत्तरार्धात त्याची मागणी वाढली. आधी शिकोकू बेटावरच्या इशिझुची पर्वतातली झाडे निघाली. ती सरत आली तेव्हा खणणाऱ्यांची नजर होन्शूच्या पश्चिम किनाऱ्याजवळील इतोइगावाच्या चुनखडीच्या कड्यांकडे गेली. तिथले शिंपाकु पानाने बारीक, दाट आणि रंगाने तेजदार हिरवे. कड्याच्या माथ्यावर दोर बांधायचा, त्याला लोंबकळत खाली उतरायचे आणि छिन्नीने खडकाच्या भेगेतून मुळे मोकळी करायची, हा त्यांचा धंदा. आपल्याकडे मध काढणारे कड्यावर उतरतात ना, तसेच. त्यात माणसे पडली, मेली. आणि वर आलेल्या प्रत्येक झाडाने तग धरलाच असेही नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळापर्यंत ते कडे जवळजवळ रिकामे झाले.

मला ह्या इतिहासातली ही जागा महत्त्वाची वाटते. शेकडो वर्षे वाऱ्याशी झुंजलेले झाड पुन्हा उगवायला शेकडो वर्षेच लागणार. डोंगर काही दरसाल पीक देणारे शेत नव्हे. कला टिकवायची तर एकच वाट उरली होती. जी जुनी झाडे आधीच कुंडीत आली होती, त्यांच्याच फांद्या मातीत खोचायच्या.

भरीला आपत्ती आल्या. 1923 च्या भूकंपाने आणि आगीने टोकियो उद्ध्वस्त झाले. तिथले काही बोन्सायवाले 1925 मध्ये उत्तरेला ओमिया येथे गेले आणि त्यांनी बोन्सायचे गाव वसवले. गावाचे नियम मजेदार होते. राहणाऱ्याने निदान दहा बोन्साय बाळगावेत, फाटक सर्वांना उघडे ठेवावे, दुमजली घर बांधू नये, कुंपण जिवंत झुडपांचे असावे. 1935 च्या सुमारास तिथे तीसेक बागा होत्या. मग युद्ध आले. माणसे सैन्यात गेली, कुंडीतल्या झाडांना पाणी घालणे ही चैन ठरली, आणि कुंडीतले झाड तर उन्हाळ्यात एक दिवसही तहान सोसत नाही. युद्धानंतर मूठभर बागा पुन्हा उभ्या राहिल्या. आज तिथे दहाहूनही कमी आहेत; पण 1989 ची पहिली जागतिक बोन्साय परिषद ह्याच गावी भरली, आणि 2010 मध्ये तिथे बोन्सायचे सार्वजनिक संग्रहालय उघडले.

आता ती फांदी रोवतात कशी, ते पाहू. शिंपाकुची वीतभर कोवळी पण बुडाशी जरा तपकिरी झालेली फांदी घ्यायची. थंडी सरताना किंवा पावसाच्या झडीत, ह्या दोन वेळा चांगल्या. खालची पालवी काढून टाकायची, धारदार सुरीने तिरपा छेद द्यायचा आणि पाणी न धरणाऱ्या भुरभुरीत मातीत रोवायची. जपानी माळी ज्वालामुखीची हलकी पिवळी माती वापरतात. ती कानुमा गावाजवळ निघते, म्हणून तिला कानुमा माती म्हणतात. सावली हवी, दमटपणा हवा, आणि मुख्य म्हणजे धीर हवा. जास्वंदीची फांदी जगली नाही तर आठवड्यात मान टाकते. शिंपाकुचे तसे नाही. मेलेली फांदीसुद्धा महिनोन् महिने हिरवीगार दिसते! बघू या तरी म्हणून उपटून पाहणाऱ्याने हाती आलेले कोवळे मूळ तोडलेच म्हणून समजा.

दोनतीन वर्षांनी रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्याला तार गुंडाळतात. पूर्वी दोऱ्यांनी ओढून बांधीत. तांब्याची तार मेइजी काळापासून रुळली. ती आधी विस्तवात लाल करून मऊ करतात. ह्या वयाचे खोड दोरीसारखे पिळता येते, दहा वर्षांनी येत नाही. मग एका बाजूची साल अरुंद पट्टीने सोलतात. ती बाजू वाळून पांढरी होते, शेजारची जिवंत पट्टी फुगत जाते, आणि कड्यावर वाऱ्याने जे शतकभरात केले त्याची नक्कल जमिनीत वाढवलेल्या रोपावर एका माणसाच्या उमेदीत होते. नक्कलच ती, हे मी मान्य करतो. जाणकाराला फरक कळतो.

आणि छळ? कुंडीतल्या झाडाची माती दर दोनतीन वर्षांनी बदलावी लागते, मुळे छाटावी लागतात, रोज पाणी. हे चुकले की झाड मरते, सोसत बसत नाही. टोकियोच्या राजवाड्यात तिसरा शोगुन इएमित्सु (1604–1651) ह्याच्या नावाचा एक पाइन आहे; त्याचे वय सुमारे साडेपाचशे वर्षे मानतात. ज्याचा छळ होतो ते इतके जगेल काय? छळाचा शब्द वापरायचाच असेल तर तो मी कड्यावरून झाड उपटणाऱ्याला लावीन, फांदी खोचणाऱ्याला नाही.

एक प्रश्न मात्र मला सुटलेला नाही. जुन्या इतोइगावा झाडाची फांदी गेल्या वर्षी रोवली, ती मुळे धरून उभी राहिली. तिचे वय काय मोजावे? माळी म्हणतो, एक वर्ष. वनस्पतिशास्त्राचे माझे एक सहकारी म्हणतात की हे नवे झाड नव्हेच. कड्यावर शेकडो वर्षांपूर्वी रुजलेला तोच जीव नव्या कुंडीत उभा आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. कडे रिकामे झाले तरी तिथली बारीक दाट पालवी आज जपानातच नव्हे, तर अमेरिकेत आणि युरोपातही हजारो कुंड्यांत वाढते आहे, ती अशाच वीतभर तुकड्यांतून. आपल्या हवेत शिंपाकुला मुंबई-कोकणचा उकाडा मानवत नाही. आपल्याकडचे हौशी लोक वडाची नाहीतर उंबराची फांदी घेतात. ती पावसाळ्यात बेलाशक मुळे धरते. माझ्या गच्चीवरच्या डब्यात वडाची एक आहे. तार अजून लावलेली नाही, दुसरा पावसाळा जाऊ द्यायचा आहे.